वेशीवर वाजलेला आमचाच तोडा

मी शिरपूरकडचा. जळगावच्या बँडमध्ये ड्रमसेट वाजवायला आलो आणि त्या दिवसापासून ‘धुळ्याचा’ झालो. जिल्हा धुळं असला म्हणून काय झालं, शिरपूर कुठं, धुळं शहर कुठं! पण जळगावकरांना कोण सांगणार? पश्चिमेकडून आलेला, बोलताना ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारा माणूस म्हणजे धुळ्याचा, विषय संपला. सुरुवातीला मी सगळ्यांना समजावत बसायचो. पुढे नाद सोडला. डोकं मात्र प्रत्येक वेळी तापायचंच, आणि माझं डोकं तापलेलं बघायला त्यांना मजा यायची. “काय भो, कसं शे?” असं मुद्दाम ओढून विचारायचे. मी चिडलो की टाळ्या.

ऐंशीच्या दशकाचे शेवटशेवटचे दिवस होते ते. आमचा बँड नेहमीच्या वाजंत्र्यांसारखा नव्हता. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कोंगो, बास गिटार, आणि लोटगाडीवर बांधलेला माझा ड्रमसेट. गिटारचा आवाज वाढवणारा डबा ट्रकच्या बॅटरीवर चालायचा, ती बॅटरी लोटगाडीच्या पोटाखाली लटकायची. बँडचे मालक नाना. ट्रम्पेट तेच वाजवायचे. उंच, सडसडीत, मिशा पांढऱ्या, आणि ट्रम्पेट फुंकताना गालांचे असे फुगे की बारकी पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत वरातीसोबत उलटी चालायची.

सॅक्सोफोनवाले बाबा भुसावळचे. रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या नाचाच्या पार्ट्यांत ते वाजवायचे, आणि तिथूनच त्यांनी आमच्यात ती नवी चाल आणली. सिनेमाचं गाणं तेच, पण बास गिटार आणि ड्रम असे एकमेकांत अडकवायचे की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला गेला पाहिजे. “ह्याला फंक म्हणतात,” बाबा म्हणायचे. नाना म्हणायचे, “काय म्हणायचं ते म्हणा. वरमाय नाचली पाहिजे.”

आणि वरमाय नाचायची! खरी गंमत तोड्याची. गाणं ऐन रंगात आलं की नाना ट्रम्पेट खाली करायचे. सॅक्सोफोन बंद, सगळं बंद. राहायचे फक्त माझे ड्रम आणि खालून बासची धडधड. एवढाच तुकडा, पण त्यात वरात वेडी व्हायची. धोतर सावरत म्हातारे नाचायचे. मग नानांची मान हलली की सगळे एकदम गाण्यावर परत. हे तोडे आमची खरी मिळकत. प्रत्येक तोडा आम्ही घासून घासून बसवलेला, आणि कुठला तोडा कुठल्या गाण्यात घालायचा हे आमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

त्या सुमारास लोक वरातीत टेपरेकॉर्डर आणि भोंगे लावायला लागले होते. मग नानांच्या डोक्यात आलं, आपली कॅसेट काढायची. एका बाजूला आमच्या चालीतली सिनेमाची गाणी, दुसऱ्या बाजूला नुसते तोडे. सगळं जिवंत वाजवलेलं. एकत्र उभं राहायचं, वाजवायचं, जे येईल ते येईल. दिवाळीत कॅसेट बाजारात आणायची आणि तोवर नवे तोडे कोणी कुठं वाजवायचे नाहीत, असं सगळ्यांनी नानांसमोर कबूल केलं. सूट एकच. नानांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, तिथं गावच्या वेशीवर ते पहिल्यांदा वाजवायचे. “माझ्या पोरीच्या लग्नात निघतील, मग जगासमोर,” नाना म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा काय फुलला होता!

रेकॉर्डिंग धुळ्यात. तिथला एक रेकॉर्डिंगवाला भजनं आणि अहिराणी गाणी कॅसेटवर घ्यायचा. त्याची खोली आमच्या आवाजाला पुरेना, म्हणून त्यानं एका जिनिंगचं गोदाम मिळवलं. होळीच्या आधीचे दिवस. जिनिंगचे मजूर भोंगऱ्याच्या, म्हणजे आदिवासींच्या होळीआधीच्या बाजारासाठी सातपुड्यात आपापल्या गावी गेलेले, मशिनं बंद. चारी बाजूंनी कापसाच्या गाठींची थप्पी. त्यामुळे आवाज जरा म्हणून घुमत नव्हता. ड्रमवर काठी पडली की ठोका तिथल्या तिथे. असा कोरडा, स्वच्छ आवाज मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा ऐकला. फक्त हवेत कापसाचे तंतू, बाबांना शिंक आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तोड्यांच्या बाजूला एका ठिकाणी माझ्या घामेजल्या हातातून काठी निसटायला आली. मी कशीबशी धरली आणि पुढे वाजवत गेलो. काय वाजवलं ते माझं मलाच कळलं नाही, पण कोणी थांबलं नाही म्हणून मीही थांबलो नाही. “परत घ्यायचं का?” रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं. नाना म्हणाले, “राहू दे. जिवंत माणसं वाजवतायत, दगड नाहीत.” विषय तिथेच मिटला.

लग्न नानांच्या गावी, फैजपूरच्या अलीकडे. केळीच्या बागांमधून वाट, आणि वेशीजवळ मोठा पार. मुलगा धुळ्याचा. आमच्याकडे वरपक्ष आपला बँड घेऊन येतो, आणि मुलीकडचे वेशीवर सामोरे जातात. पण इथे मुलीचा बापच बँडवाला! म्हणजे वेशीवर दोन बँड समोरासमोर येणार, सामना होणार. गाव नुसता त्यासाठी जमलेला. नाना त्या दिवशी मुलीचे बाप म्हणून फेटा बांधून पुढे उभे, ट्रम्पेट पुतण्याकडे.

नानांची मुलगी म्हणजे आमच्या सगळ्यांचीच लाडकी. तालमीला चहा तीच आणायची आणि चहा देऊन आत जायची नाही. उंबऱ्यावर बसून मांडीवर बोटांनी आमचे तोडे वाजवायची. मी चुकलो तर मान वर करून बघायची, बस. तिचा कान आमच्या गिटारवाल्यापेक्षा चोख होता.

वरात आली. रीतीप्रमाणे पाहुण्यांचा बँड आधी. त्यांनी एक सिनेमाचं गाणं सुरू केलं, साधंच, सगळे वाजवतात ते. मी लोटगाडीवर काठ्या परजत बसलेलो. आणि गाण्याच्या मध्यावर त्यांची पिपाण्या-ट्रम्पेटं बंद झाली, एकटा ड्रम उरला. आमचा तोडा! आमचा, गोदामात वाजवलेला! तसाच्या तसा. मग पुढचं गाणं, पुढचा तोडा. एकामागून एक आमचे सगळे नवे तोडे त्यांनी आमच्याच तोंडासमोर वाजवले. एका जागी तेवढा त्यांचा ड्रमवाला अडखळला. पाहुणे नाचत होते, शिट्ट्या मारत होते. आमच्याकडचे आपापल्या वाद्यांवर हात ठेवून बघत राहिले.

आता आम्ही काय वाजवणार? तेच वाजवलं तर लोक म्हणणार, बघा, नक्कल करतायत. दुसरं वाजवावं तर तयारी कशाची? शेवटी जुनंपानं काहीतरी वाजवलं. गावातल्याच एकानं मोठ्यानं विचारलं, “काय नाना, तुमचा बँड झोपला का?” नानांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही, गिटारवाल्याकडे नाही. माझ्याकडे.

लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी रडत रडत गेली. दुसऱ्या दिवशी सामान बांधताना नाना सगळ्यांच्या देखत एवढंच म्हणाले, “धुळ्याच्या बँडला कोणी पढवलं, ते ज्याचं त्याला माहीत.”

झालं! ‘धुळ्याच्या’ हा शब्द ऐकला आणि सगळ्यांची डोकी माझ्याकडे वळली. मी फटकन म्हणालो, “मी कोनलेच काही दिधं नई!” रागाच्या भरात आईची अहिराणी तोंडातून आली, आणि तेच अंगावर आलं. गिटारवाला म्हणाला, “तुझं नाव कोणी घेतलं का भो?” मी लोटगाडीला लाथ घातली. झांज खाली पडून दगडावर आपटली.

पावसाळा लागला, लग्नं संपली. बँडवाल्याला पावसाळा तसाही जड जातो, त्यात हा संशय. तालमीला गेलो की आतलं बोलणं थांबायचं. पूर्वी चहा सांगताना माझा कप न विचारता मोजला जायचा, आता “तू घेणार का?” असं विचारायचे. शिरपूरला आईला भेटून आलो की कोणीतरी सहज विचारल्यासारखं करायचं, “धुळ्यावरूनच आला असशील ना?” अरे, सोयीची एसटी धुळ्यावरूनच मिळते, मी काय उडत येऊ? पण उत्तर दिलं तरी वाईट आणि नाही दिलं तरी वाईट.

मीही काही कमी नव्हतो. माझ्याही डोक्यात एकेकजण येऊन जायचा. बाबांचा जावई धुळ्याला होता, त्यानं नेलं असेल का? गिटारवाला हल्ली नवा शर्ट घालून हिंडतोय, कुठून आणला? गोदामाचा रखवालदार दारात बसून ऐकत होता, त्याचा कोणी भाऊबंद त्या बँडमध्ये असेल? बाबा बोलता बोलता शिंकले तरी मला वाटायचं, काहीतरी लपवतायत. संशय एकदा डोक्यात शिरला ना, की माणूस नुसता घरमाशीसारखा एकाच जागेवर फिरून फिरून बसतो. झोप नाही, जेवण गोड नाही.

वरून खंडेनवमी जवळ येत होती. आमच्या बँडची एक रीत होती. पावसाळाभर वाद्यं नानांच्या जळगावच्या घरी. खंडेनवमीला ती अंगणाशेजारच्या खोलीत मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, पूजा करायची, आणि मग नाना एकेकाला बोलावून त्याचं वाद्य त्याच्या हातात द्यायचे. दिलं म्हणजे वर्षभर तू बँडमध्ये. नाही दिलं तर समजून जायचं, आपल्या पायांनी बाहेर पडायचं. ड्रमसेट नानांचा, माझ्याकडे स्वतःच्या काठ्यासुद्धा नव्हत्या. आणि तोडे विकणारा म्हणून ज्याचा हात नानांनी रिकामा ठेवला, त्याला जळगावात काय, भुसावळात काय, कुठला बँड दारात उभं करणार? माझं सगळं त्या एका सकाळवर येऊन ठेपलं होतं.

म्हणून मी नवरात्राच्या आधी धुळ्याला गेलो, थेट रेकॉर्डिंगवाल्याकडे. खरं सांगतो, त्याची कॉलर धरायच्या तयारीनं गेलो होतो. त्यानं मला बघितलं, हसला, म्हणाला, “या, या! ऐकायचीय ना?” मी काही बोलायच्या आत त्यानं आमची कॅसेट लावली. मी ऐकत उभा राहिलो. चांगलं वाजवलं होतं, देवाशपथ चांगलं वाजवलं होतं. मग काठी निसटली तो तोडा आला. त्या जागी नेहमीच्या ठोक्याऐवजी माझी काठी ड्रमला लावलेल्या घंटीवर पडली होती, टिण-टिण, आणि मग अडखळत पुन्हा लाइनीवर. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि माझ्या डोळ्यांसमोर वेस उभी राहिली. त्या धुळ्याच्या ड्रमवाल्यानं त्या जागी हेच वाजवलं होतं! टिण-टिण, आणि मग अडखळणं. तेव्हा मला वाटलं होतं, हा चुकला. चुकला नव्हता. त्यानं माझी चूक घोटून पाठ केली होती.

म्हणजे त्याला कोणी माणसानं शिकवलं नव्हतं. मी शिकवलं असतं तर चुकीचं कशाला शिकवेन, आणि ती चूक मलाही तेव्हा माहीत नव्हती. तो कॅसेटवरून शिकला होता. मी रेकॉर्डिंगवाल्याला विचारलं, ही कॅसेट तू कोणाला दिलीस? तो गोंधळला. “कोणाला कशी देईन? दिवाळीला काढायची ना? एकच बाहेर गेली, होळीनंतर. नाना स्वतः येऊन घेऊन गेले. घरी ऐकायची म्हणाले.”

जळगावला परतताना मी एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. आनंद व्हायला पाहिजे होता, पुरावा हातात होता. पण मला राग सुद्धा येईना. नाना? नाना कशाला देतील? मग कोणी घरातून चोरली असेल. असं करत करत मी त्यांच्यासाठी वाटा शोधत राहिलो.

खंडेनवमीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. नाना खोलीत एकटेच, ट्रम्पेटला गंध लावत होते. ड्रमवर फुलं ठेवलेली. मी दार लोटून घेतलं आणि घंटीचं सगळं सांगितलं. कॅसेट ते घेऊन गेले होते, हेही सांगितलं. मला वाटलं, दचकतील. ते दचकले नाहीत. गंधाची वाटी खाली ठेवली.

“मला वेशीवरच कळलं होतं,” ते म्हणाले. “साखरपुड्याला पेढ्यांबरोबर मीच ती कॅसेट व्याह्यांच्या हातात दिली. हौस रे. म्हटलं, बघू दे, मुलीचा बाप कोण आहे. त्यांनी ती आपल्या बँडला दिली. मजा म्हणून दिली, की मला माझ्या वेशीवर खाली बघायला लावायचं म्हणून, देव जाणे. मी काय विचारणार? मुलगी त्यांच्या घरात चाललेली.”

“आणि माझ्यावर का घातलंत?” माझा आवाज चढला.

“हळू बोल. खरं कळलं असतं तर आपली पोरं तिथेच मांडवात व्याह्यांच्या अंगावर गेली असती. नंतर कळलं असतं तरी गावोगाव झालं असतं. तिला तिथंच नांदायचंय, भाऊ. उद्या सासू म्हणेल, तुझ्या बापानं आम्हाला चोर ठरवलं. कोणाच्या तरी माथी जायलाच पाहिजे होतं.”

“मग मला विचारायचं होतं, नाना! बाजूला घेऊन सांगायचं होतं. मी हो म्हटलं असतं. तिच्यासाठी म्हटलंच असतं!”

नानांनी माझ्याकडे बघितलं. वेशीवर बघितलं होतं तसंच, पण आता डोळ्यांत पाणी होतं. “माहीत आहे. पण तुला सांगून केलं असतं तर ते तुला जमलं नसतं. तू गप्प बसला असतास, आणि लोकांनी ओळखलं असतं. तू भडकतोस, हे मला ठाऊक होतं. भडकला माणूस दोषी दिसतो. म्हणून तुझ्याकडे बघितलं.”

इतकी वर्षं ज्या तापट डोक्याची हे लोक मजा घेत होते, ते ह्या माणसानं हिशेबात धरलं होतं. मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं, आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही.

“आता तुझ्या हातात आहे,” ते म्हणाले. “बाहेर जाऊन खरं सांग. मी नाही म्हणणार नाही. ड्रम तुझाच.”

मी दार उघडलं. अंगणात सगळे जमले होते, धुतलेले कपडे, कपाळाला गंध. मी आत होतो आणि दार लोटलेलं होतं, हे त्यांनी पाहिलेलं. बाबा पायरीवर बसले होते. गिटारवाला पुढे आला. “काय भो, एवढं काय चाललंय आत?”

माझ्या डोळ्यांसमोर ती पोरगी आली, उंबऱ्यावर बसून मांडीवर बोटं वाजवणारी. नव्या घरात कुठल्या उंबऱ्यावर बसत असेल, आणि कोणासमोर वाजवत असेल.

“मीच दिले,” मी म्हणालो. “धुळ्याच्या बँडला तोडे मीच दिले. काय करायचं ते करा!”

रागानंच बोललो, आणि राग खराच होता. गिटारवाल्यानं मान हलवली. कोंगोवाला म्हणाला, “मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.” बाबांनी उठून मला जायला वाट दिली. आतून नानांचा आवाज आला नाही. वैशाखापासून खंडेनवमीपर्यंत मी खरं बोलत होतो तेव्हा ह्या लोकांनी माझ्या एकेका शब्दावर शंका घेतली होती. ह्या वाक्यावर मात्र एकानंही घेतली नाही. “खोटं बोलतोस,” असं कोणीतरी म्हणेल म्हणून मी फाटकापाशी थोडा थांबलो. कोणी म्हणालं नाही. मग मी निघालो.